आलेखाच्या पडद्यामागे विट्याचा पाऊस

विटा म्हणजे यंत्रमागांचं आणि देशभर पसरलेल्या गलाई व्यावसायिकांचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांचं, गाव. खानापूर तालुक्याचं हे मुख्य ठिकाण दुष्काळी पट्ट्यात येतं, त्यामुळे इथे पावसाचा हिशेब प्रत्येकाच्या तोंडी असतो. हाच हिशेब पायथनमध्ये आलेख म्हणून मांडायला घेतला, की जे घडतं ते छापलेल्या चित्रात कुणाला दिसत नाही.

सगळ्यात मोठा घोळ तारखांचा. आपण सात जून ०७/०६ असा लिहितो. पायथनमध्ये आकडेवारी हाताळणाऱ्या पांडाज या साधनाला काही सांगितलं नाही, तर ते आधी महिना वाचतं आणि मृगाचा पाऊस सहा जुलैला पडतो. जुन्या आवृत्त्यांत याहून वाईट व्हायचं. तेरावा महिना नसतोच, म्हणून १३/०६ पासून पुढच्या तारखा गुपचूप बरोबर वाचल्या जायच्या. परिणाम असा, की जूनच्या पहिल्या बारा दिवसांचा पाऊस बाराही महिन्यांच्या सहा तारखेला वाटला जायचा आणि उरलेला जागच्या जागी राहायचा. आलेख दिसायला नीटनेटका, पण सहा जानेवारीला विट्यात पाऊस! शेतकऱ्याला हे एका नजरेत खटकतं. कोड लिहिणाऱ्याला खटकेलच असं नाही. २०२३ मध्ये आलेल्या पांडाज २.० पासून अशी सरमिसळ आली तर काम थांबून चूक दाखवली जाते. तरीही तारखेचा साचा कोडमध्ये स्वतः लिहावा. कोडच्या त्या एका ओळीवर अख्खा पावसाळा अवलंबून असतो.

दुसरा घोळ न झालेल्या मोजणीचा. भारतीय हवामान खात्याची पाव अंशाच्या चौकोनांची पर्जन्यनोंद १९०१ पासूनची आहे. तिच्यात जिथे मोजणी नाही तिथे उणे ९९९ हा आकडा असतो. तो तसाच बेरजेत गेला, तर पाऊस शून्याच्या खाली जातो. काही जण घाईने त्याजागी शून्य भरतात, हे मला अजिबात मान्य नाही. नोंद नसणं आणि पाऊस नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुष्काळी तालुक्यात तर हा फरक फार महत्त्वाचा. तिथे रेघ तुटलेलीच दिसू द्यावी.

आता पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब या साधनाच्या जन्माकडे वळू. अमेरिकेतले मेंदूविज्ञानाचे संशोधक जॉन हंटर अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंदेश तपासत होते. प्रयोगशाळेत विकतच्या सॉफ्टवेअरचा एकच परवाना होता आणि त्याची किल्ली, म्हणजे डोंगल, सगळ्यांत फिरायची. या अडचणीतून त्यांनी स्वतःचं साधन लिहिलं आणि २००३ मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. २०१२ मध्ये ते गेले. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरची सवय असलेल्यांना सोपं जावं म्हणून त्यांनी ‘चालू आलेख’ लक्षात ठेवणारी पद्धत ठेवली. आज मोठ्या कामात तीच नडते, कारण कोणती रेघ कोणत्या चौकटीत गेली ते कळत नाही. चौकट नावानिशी तयार करावी आणि काम झालं की बंद करावी. राज्याच्या छत्तीस जिल्ह्यांचे आलेख एका फेऱ्यात काढून ते बंद केले नाहीत, तर वीस उघडे झाल्यावर मॅटप्लॉटलिब इशारा देतं.

रंगांचंही तसंच. जुना ‘जेट’ रंगपट दोन्ही टोकांना गडद. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये महाबळेश्वर आणि विटा सारखेच काळे दिसायचे. मॅटप्लॉटलिबच्या २०१७ च्या २.० आवृत्तीत त्याची जागा ‘विरिडिस’ने घेतली, हे फार बरं झालं.

आणि शेवटी अक्षरं. शीर्षकात ‘विटा’ लिहिलं, की आधी चार रिकामे चौकोन येतात, कारण नेहमीच्या डेजावू सॅन्स फॉन्टमध्ये देवनागरीच नाही. नोटो सॅन्स देवनागरी दिला, तर अक्षरं येतात, पण विस्कटून. मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा मार्ग वर्षानुवर्षे एकेक चिन्ह टंकलेल्या क्रमानेच मांडत आला. त्यामुळे पहिली वेलांटी ‘व’च्या आधी न येता नंतर येते आणि वाचताना ‘ट’ला चिकटते. ‘पर्जन्य’मधली जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडलेली दिसतात. यावर उपाय आहे. आलेख एसव्हीजी स्वरूपात ठेवावा आणि मजकुराच्या रेघा न करता तो मजकूरच राहील अशी सेटिंग करावी, म्हणजे ब्राउझर अक्षरं नीट जुळवतो. मॅटप्लॉटलिबला जोडता येणारं एमप्लकैरो हे साधन वापरणं हा दुसरा मार्ग.

तेव्हा विटा, कडेगाव, आटपाडी ही नावं रोमन लिपीत टाकून मोकळे होऊ नका. गावच्या पाण्याचा आलेख गावातल्या माणसाला वाचता आलाच पाहिजे.