घरकामाची यादी आणि यंत्राचें व्याकरण

प्रत्येक मोठ्या कुटुंबांत कामांची एक न लिहिलेली वही असते. विजेचें बिल कोणत्या तारखेस भरावयाचें, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या केव्हां संपतात, गॅसचा सिलिंडर कधीं नोंदवावयाचा, धाकट्याच्या शाळेंत पालकांना कोणत्या दिवशीं बोलाविलें आहे, पितृपक्षांत घरची तिथि कोणती, या सर्वांची नोंद कोठें तरी असावीच लागते. आणि बहुधा ती घरांतील एका बाईच्या डोक्यांत असते. थोडा भाग भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकोनांत, दुधाच्या खाड्यांशेजारीं, पेन्सिलीनें लिहिलेला सांपडतो. ती बाई चार दिवस माहेरीं गेली किंवा आजारी पडली, म्हणजे ही वही केवढी जाड होती हें बाकीच्यांस कळतें.

ही वही संगणकावर उतरवावी, आणि तीहि तयार मिळणाऱ्या साधनानें नव्हे, तर स्वतःच्या हातानें रचलेल्या लहानशा आज्ञावलीनें, म्हणजे ज्याला सर्वजण प्रोग्रॅम म्हणतात त्यानें, असें सुचविण्यासाठीं हा लेख लिहीत आहें. प्रस्तुत लेखकाचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि पुढील सारें आयुष्य मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेलेलें. निवृत्तीनंतर नातवंडांशेजारीं बसून मी ही विद्या श्रीगणेशापासून शिकलों. तेव्हां हें काम केवळ गणितज्ञांचें किंवा अभियंत्यांचें आहे अशी भीति वाचकांनीं बाळगूं नये. साहित्यहि फारसें लागत नाहीं. घरांतील कोणताहि साधा संगणक, वेबपानें दाखविणारा ब्राउझर आणि साधा मजकूर लिहिण्याचें नोटपॅड, एवढ्यावर भागतें.

तीन भाषा, तीन कामें

ज्याला आपण वेब म्हणतों त्याचा जन्म जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत झाला. टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांनीं १९८९ सालीं आपली योजना मांडली, १९९१ सालीं ती जगापुढें आली, आणि १९९३ च्या एप्रिलमध्यें सर्ननें ती सर्वांना विनामूल्य वापरण्यास मोकळी करून दिली. आज एखादा विद्यार्थी कोणाची परवानगी न घेतां स्वतःचें वेबपान रचूं शकतो, याचें श्रेय त्या उदार निर्णयाकडे जातें.

अशा पानास तीन भाषा लागतात. त्यांचें नातें नाटकाच्या दृष्टांतानें चटकन् समजतें. रंगभूमीवर कोण कोण उपस्थित आहे हें एचटीएमएल ही भाषा सांगते: येथें मथळा, येथें लिहिण्याची चौकट, येथें बटण, येथें यादी. कोणी कोणता वेष घालावा आणि कोठें उभें राहावें हें सीएसएस ठरविते. होकोन व्यूम ली यांनीं तिची कल्पना १९९४ सालीं मांडली. आणि पात्रांनीं केव्हां काय करावें हें जावास्क्रिप्ट सांगते. ही तिसरी भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं अवघ्या दहा दिवसांत रचली असें प्रसिद्ध आहे. त्या घाईच्या खुणा तिच्यांत अजून दिसतात. त्यांतील एक पुढें येईलच.

नवशिक्यानें एका दिवशीं एकच भाषा हातांत घ्यावी. पहिल्या दिवशीं मथळा, एक चौकट व एक बटण दिसलें, तरी पुष्कळ झालें. बटण दाबल्यावर कांहीं घडत नाहीं, याचें वाईट वाटूं देऊं नये. नटांना अद्याप संवाद दिलेले नाहींत, एवढाच त्याचा अर्थ.

काम म्हणजे काय?

परंतु संगणकापुढें बसण्यापूर्वीं कागदावर एका प्रश्नाचें उत्तर लिहावें. ज्याची यादी करावयाची तें 'काम' म्हणजे काय? यंत्राला आपल्या मनांतलें कळत नाहीं. आपण जेवढें सांगूं तेवढेंच तें जाणतें.

येथें जुनें व्याकरण माझ्या उपयोगी पडलें. क्रियेच्या सिद्धीशीं ज्याचा संबंध असतो त्यास आपले वैयाकरण कारक म्हणतात, आणि पाणिनीनें अशीं सहा कारकें सांगितलीं आहेत. काम ही क्रियाच आहे. मग तिच्या यादीचे रकाने कारकांवरूनच कां ठरवूं नयेत? काय करावयाचें, हें कर्म. कोणीं करावयाचें, हा कर्ता. केव्हां, हें अधिकरण. कोणाला द्यावयाचें, हें संप्रदान. म्हणजे गोळ्या आणावयाच्या त्या आजोबांना कीं आजींना, हा घोटाळा टळतो. करण आणि अपादान यांवांचून घरचें अडत नाहीं. याखेरीज काम झालें कीं नाहीं, हें सांगणारी एक खूण हवी. अशा एका कामाच्या नोंदीस जावास्क्रिप्टमध्यें 'ऑब्जेक्ट' आणि अशा नोंदींच्या रांगेस 'ॲरे' म्हणतात.

पी. झेड. इंगरमन नांवाच्या संगणकतज्ज्ञांनीं १९६७ सालीं एका पत्रांत असें सुचविलें होतें कीं, संगणकभाषांचें व्याकरण लिहिण्याची जी बॅकस यांच्या नांवानें ओळखली जाणारी पद्धति आहे, तिला पाणिनीचेंहि नांव जोडावें. यावरून आपल्या पूर्वजांस संगणक ठाऊक होता असें म्हणणें हास्यास्पद होईल. नियम थोडक्यांत, काटेकोर आणि क्रमानें कसे लिहावे, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच आहे.

यादी खरी, पडदा तिचें प्रतिबिंब

कामांच्या यादीवर चार क्रिया कराव्या लागतात: नवें काम नोंदविणें, यादी दाखविणें, नोंद बदलणें आणि नोंद काढणें. जगांतील पुष्कळ मोठमोठ्या आज्ञावली सोलून पाहिल्या, तर आंत याच चार क्रिया सांपडतात.

येथें एक तत्त्व गांठीं बांधावें. खरी यादी संगणकाच्या स्मृतींत असते. पडद्यावर दिसतें तें तिचें प्रतिबिंब. नवशिका पडद्यावरील ओळ पुसतो आणि काम गेलें असें समजतो. पण मूळ यादींत तें तसेंच असतें, आणि पान पुन्हां उघडतांच पुढें उभें राहतें. म्हणून प्रत्येक वेळीं प्रथम यादी बदलावी, आणि मग तिच्यावरून पडदा नव्यानें मांडावा.

दुसरी अडचण स्मृतीची. पान बंद केलें कीं सारी यादी नाहींशी होते. तिला टिकविण्यासाठीं ब्राउझरमध्यें 'लोकलस्टोरेज' नांवाची एक पेटी असते. तिच्यांत साधारणपणें पांच एमबी मजकूर मावतो, आणि घरगुती यादीला तेवढी जागा पुष्कळ होते. मात्र या पेटींत केवळ मजकूर ठेवतां येतो. म्हणून यादीची 'जेसन' नांवाच्या पद्धतीनें घडी घालून ती ठेवावी, आणि काढतांना घडी उलगडावी. ही पेटी त्याच संगणकावरील त्याच ब्राउझरची असते. तीच यादी प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर दिसावयाची, तर सर्व्हर, माहितीकोश आणि संकेतशब्दांची सुरक्षितता हीं प्रकरणें शिकावीं लागतात. तीं दुसऱ्या वर्षाचीं पुस्तकें होत. दिवाणखान्यांत एक संगणक ठेवून आरंभ करणें बरें.

देवनागरीच्या गमती

मराठींत यादी लिहितांना कांहीं गोष्टी विशेष ध्यानांत येतात. १९९१ सालच्या पहिल्या युनिकोडपासून देवनागरीला त्यांत स्थान आहे, आणि तिची अक्षरव्यवस्था पाहून संस्कृतच्या शिक्षकास आनंद व्हावा. 'क्षि' हें आपणांस एक अक्षर दिसतें, पण यंत्र तें क, हलन्ताचें चिन्ह, ष आणि ऱ्हस्व इकाराची वेलांटी असे चार घटक मानून ठेवतें. वर्गांत फळ्यावर जोडाक्षर फोडून दाखवावें, तसाच हा प्रकार!

अंकांची गोष्ट मात्र निराळी. जावास्क्रिप्टला देवनागरी '५' ही संख्या वाटत नाहीं. तिच्या दृष्टीनें तें एक अक्षर. इतकेंच नव्हे, तर चौकटींत इंग्रजी अंक लिहिले तरी आरंभीं तो मजकूरच असतो. त्याचें संख्येंत रूपांतर न करतां एकांत एक मिळविला, तर उत्तर दोन न येतां अकरा येतें! घाईत रचलेल्या भाषेची खूण ती हीच. तारखांच्या बाबतींत आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि एकेरी आंकड्यामागें शून्य, अशी पद्धति ठेवली, म्हणजे साध्या अक्षरक्रमानेंहि कामें योग्य क्रमानें लागतात.

पुरें झालेलें काम यादींतून कायमचें पुसावें काय? येथेंहि पाणिनीची आठवण होते. त्याच्या शास्त्रांत लोप म्हणजे नाश नव्हे, न दिसणें. प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचें कार्य मागें उरतें. तसेंच झालेलें काम पडद्यावरून लपवावें, पण यादींतून काढूं नये. मागील महिन्यांत पाण्याची टाकी कोणत्या दिवशीं धुतली, हें विचारण्याची वेळ येतेच.

चुकांनीं घाबरूं नये. एक कंस राहिला तरी सारी आज्ञावली थांबते. पण ब्राउझरच्या 'कन्सोल' नांवाच्या भागांत कोणत्या ओळींत काय अडलें हें लिहिलेलें असतें. इतक्या शांतपणें आणि ओळीच्या क्रमांकासह चूक दाखविणारा परीक्षक मला चाळीस वर्षांच्या नोकरींत भेटला नाहीं.

कर्त्याचा रकाना

आतां या लेखाच्या गाभ्याकडे येऊं. आपल्या घरांतील बोलणें ऐका: "औषध आणायचें आहे." "पाहुण्यांचीं अंथरुणें घालायचीं आहेत." "डाळ संपत आली आहे." या वाक्यांत कर्ता नाहीं. व्याकरणाच्या दृष्टीनें तीं निर्दोष आहेत, आणि व्यवहाराच्या दृष्टीनें त्यांचा कर्ता ठरलेला आहे. तो बोलून दाखविण्याची गरज कोणास वाटत नाहीं, इतकेंच. आज्ञावलीला हें चालत नाहीं. आमच्या यादींत आम्हीं असा नियम घातला कीं, कर्त्याचा रकाना रिकामा असेल तर काम नोंदलेंच जाऊं नये. दोन ओळींचा नियम. पण त्यानें घरांत आजवर न झालेलीं संभाषणें झालीं.

महिनाअखेर नातीनें यादी कर्त्याप्रमाणें लावून दाखविली. सर्वांत लांब रांग कोणाची होती, हें सांगावयास नको. कोणी वाद घातला नाहीं. पडदा कोणाची बाजू घेत नव्हता. चिरंजीवांनीं बिलें व औषधें आपल्याकडे घेतलीं, नातवंडांनीं झाडांचें पाणी व अंथरुणें घेतलीं, आणि भाजीबाजार माझ्याकडे आला.

पुढच्या महिन्यांत सूनबाई म्हणाल्या, "बाबा, कामें करणारे आतां चारजण झाले, पण काय करायचें आहे तें आठवणारी आणि लिहिणारी अजून मी एकटीच आहें."

हें म्हणणें शास्त्रशुद्ध होतें. जो दुसऱ्याकडून क्रिया करवितो तो प्रयोजक, आणि पाणिनीनें त्यासहि कर्ता ही संज्ञा दिली आहे. औषध आणणारा कर्ता खरा. पण औषध संपत आलें आहे हें ओळखून त्याला धाडणारीहि कर्तीच. ती क्रिया डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून ती कोणी मोजीत नाहीं. आम्हीं यादीला 'नोंदविणारा' असा आणखी एक रकाना जोडला, आणि ज्याचें काम त्यानेंच तें आठवून नोंदवावें असें ठरविलें. आरंभीं दोन बिलांना उशीर झाला. सूनबाईंनीं आठवण करून दिली नाहीं, आणि तें योग्यच केलें. तिसऱ्या महिन्यापासून चिरंजीवांना तारखा पाठ आहेत.

तयार कां घेऊं नये?

कोणी विचारील, अशीं साधनें बाजारांत पुष्कळ आहेत. शिवाय २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून एका वाक्याच्या मागणीवर अशी आज्ञावली लिहून मिळूं लागली आहे. मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. अशा साधनाला अडलेलें विचारण्यांत गैर कांहीं नाहीं. चांगला विद्यार्थी पूर्वींहि विचारीतच असे. पण प्रथम स्वतः लिहून पाहावें. अपूर्णांक न समजतां उत्तराची वही उतरवून घेणारा मुलगा परीक्षेंत अडतो, तसा हा आज्ञावली बिघडतांच अडतो. आणि दुसरें असें कीं, तयार साधनाचे रकाने दुसऱ्या कोणीं तरी ठरविलेले असतात. 'नोंदविणारा' हा रकाना आम्हांला हवा होता, आणि आज्ञावली आमची असल्यामुळें तो एका सायंकाळीं जोडतां आला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यानें माध्यमिकपूर्व वर्गांपासून मुलांना कोडिंगचा परिचय करून द्यावा असें म्हटलें आहे. ती विद्या शाळेंत येईल तेव्हां येवो; घरांत ती आजच येऊं शकते, आणि तिच्यासाठीं घरकामाच्या यादीहून चांगला पहिला धडा नाहीं. मुलांना भाषा येईल, वडीलधाऱ्यांना काटेकोरपणा. आणि घराची वही एकाच डोक्यांत राहणार नाहीं.

तेव्हां येत्या रविवारीं संगणक उघडण्यापूर्वीं सर्वांनीं एकत्र बसून कोऱ्या कागदावर आठवड्याचीं कामें लिहावीं. कर्मापासून आरंभ करावा. कर्त्याच्या रकान्याशीं येतांच हात थांबेल. तेथें घाई करूं नये. पुढील सर्व आज्ञावली त्या एका रकान्याच्या उत्तरावर उभी राहावयाची आहे.