खोडदचे कान आकाशाकडे

कुठे? पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडदची ‘जीएमआरटी’ रेडिओ दुर्बीण. शिल्पकार डॉ. गोविंद स्वरूप. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना: 14 मध्यभागी, 16 वाय आकाराच्या तीन भुजांवर, एकूण पसारा सुमारे 25 किमी.

शहराजवळ का नाही? विमानतळाची रडार आणि मोबाइल टॉवर यांच्या गोंगाटात क्षीण अवकाशीय लहरी बुडून जातात. नारायणगाव परिसर त्या मानाने शांत.

काय शोधायचे? परग्रहवासीयांचे संकेत. तारे, वायुमेघ यांच्या लहरी अनेक वारंवारतांवर पसरतात. जेमतेम काही हर्ट्झ रुंदीचा संकेत मिळाला, तर त्यामागे यंत्र असण्याची शक्यता मोठी. हायड्रोजनची 1420 मेगाहर्ट्झ ही वारंवारता शोधकांची आवडती जागा. तीही जीएमआरटीच्या टप्प्यात आहे.

क्षमतेचा दाखला: 19 ऑक्टोबर 2016 रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या ‘स्कियापरेली’ यानाचा क्षीण संकेत खोडदने सुमारे साडेसतरा कोटी किमीवरून टिपला. तो माणसानेच पाठवलेला होता!

आजवर हाती काय? 1960 मध्ये अमेरिकेत फ्रँक ड्रेक यांनी शोध सुरू केला. 1977 चा 72 सेकंदांचा ‘वॉव’ संकेत पुन्हा मिळाला नाही. परग्रहवासीयांचा म्हणून सिद्ध झालेला संकेत अद्याप एकही नाही.