तेलांतील पाणी

जुन्या मोटारीच्या एंजिनांतील तेल दुधाळ दिसूं लागलें, तर त्यांत पाणी शिरलें असें समजावें. तें येतें कोठून? एक लिटर पेट्रोल जळतांना सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें निर्माण होतें. गाडी रोज थोडीच चालली, तर थंड एंजिनांत वाफ निवून तिचें पाणी तेलांत उतरतें. अशा वेळीं लांब फेरी करून एंजिन चांगलें तापविलें म्हणजे तें उडून जातें. परंतु रेडिएटरमधील पाणीही घटत असेल, तर गॅस्केट फाटलें असावें किंवा लोखंडास तडा गेला असावा. मग मात्र एंजिन मुळींच चालवूं नये; कारण पाणीमिश्रित तेलानें बेअरिंग झिजून एंजिन निकामी होतें. आधीं दुरुस्ती, मग नवें तेल व फिल्टर, हाच क्रम आम्ही सांगूं. केवळ तेल बदलणें म्हणजे गळक्या छपराखालीं जमीन सारवणें होय.