संगीतरचना शिकावयाची कोठें?

मुलगा किंवा मुलगी पेटीवर स्वतःच्या चाली बसवूं लागली कीं घरांत प्रश्न उभा राहतो : संगीतरचना शिकावयास कोणत्या कॉलेजांत घालावें? नांव मोठें, इमारत भव्य, एवढ्यावरच पुष्कळ पालक निकाल देतात. परंतु मुलाच्या उमेदीचीं तीन-चार वर्षें आणि घरची शिल्लक पणाला लागावयाची असते. तेव्हां थोडें खोलांत शिरलेलें बरें.

पहिली गोष्ट अशी कीं, गाणें-वाजविणें ही एक विद्या आणि रचना ही दुसरी. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद, अलंकार या परीक्षा गायन, वादन व नृत्य यांच्या आहेत. त्यांचा पाया उपयोगी खराच. पण पाश्चात्य पद्धतीच्या रचनाकारास आणखी पुष्कळ शिकावें लागतें. अनेक स्वर एकाच वेळीं जुळविणें म्हणजे हार्मनी. एका सुरावटीबरोबर दुसरी स्वतंत्र सुरावट चालविणें म्हणजे काउंटरपॉइंट. आणि कोणत्या वाद्याला कोठें बोलतें करावें, तें ऑर्केस्ट्रेशन. हें सारें कागदावर लिहितां आलें पाहिजे. अभ्यासक्रमांत या विषयांना किती वेळ दिला आहे, हें आधीं पाहावें.

दुसरी गोष्ट, प्रत्यक्ष शिकविणार कोण? बेला बार्टोक हा थोर रचनाकार १९०७ पासून बुडापेस्टच्या संगीत अकादमींत अध्यापक होता. पण तेथें तो शिकवी पियानो. रचनेचे विद्यार्थी जात ते झोल्टान कोडाय याच्याकडे. केवळ बार्टोकचें नांव वाचून रचना शिकावयास जाणाऱ्याची निराशाच झाली असती! म्हणून आपलें मूल दर आठवड्यास वही घेऊन कोणत्या गुरूपुढें बसणार, तें नांवानिशीं विचारावें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विद्यार्थ्याची रचना वाजविणार कोण? हायडन १७६१ त एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीस राहिला. दरबारचा वाद्यवृंद हाताशीं असल्यामुळें, लिहिलेलें ऐकून पाहावें व उणें वाटेल तें सुधारावें, ही सोय त्याला वर्षानुवर्षें लाभली. शाळामास्तरकींत मीहि हेंच पाहिलें : निबंध मोठ्यानें वाचून दाखविला कीं मुलाला आपली चूक आपणच कळते. कागदावर सुंदर दिसणारी रचना सनईवाल्याचा दम पुरूं देत नाहीं, हें ती वाजल्यावांचून कसें कळावें? संगणक सूर ऐकवितो खरा. पण त्याला दम लागत नाहीं.

कॉलेज चेन्नईचें असो कीं लंडनचें, हे तीन प्रश्न आधीं लिहून पाठवावेत. जमल्यास तेथील एक-दोन विद्यार्थ्यांनाहि भेटावें. उत्तरांत गुरूचें नांव आणि वादनाच्या तारखा आल्या, तर पुढें जावें. नुसतें इमारतीचें वर्णन आलें, तर दुसरें कॉलेज पाहावें.