टॅग कितीला मिळतो?

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत वायोमिंग राज्यात असतो. दर वर्षी पावसाळा सरता सरता त्याचा फोटो येतो. पिवळं पडलेलं गवत, भडक नारिंगी जाकिटं घातलेली पाच-सहा माणसं, त्यात सासरे, शेजारी, दोन शाळकरी पोरं, आणि पिकअपच्या हौद्यात बर्फाच्या पेट्या. वाटाड्या नाही की खानसामा नाही. तंबू आपला, नकाशा आपला, जमीन सरकारची. चार दिवस हरणामागे पायपीट करायची आणि मांस घरी आणायचं. यंदा त्यानं फोनवर विचारलं, "पद्मालयाच्या बाजूला अजून हरणं दिसतात ना? तुमच्याकडे टॅग कितीला मिळतो?"

"तीन ते सात वर्षांना," मी म्हणालो.

त्याला उलगडा झाला नाही, तेव्हा सविस्तर सांगावं लागलं. त्याआधी त्याची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण आपण समजतो तशी ती मोकाट शिकार नसते. वायोमिंगची जवळपास निम्मी जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात आहे आणि तिच्यातल्या बऱ्याच भागात कुणीही परवाना घेऊन शिकारीला जाऊ शकतो. मात्र हा परवाना, म्हणजे टॅग, बहुतेकदा सोडतीत नाव निघालं तर मिळतो. एका टॅगवर एकच जनावर, तेही ठरलेल्या पट्ट्यात आणि ठरलेल्या तारखांना. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा. शिवाय 1937 च्या एका कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवर उत्पादनकर लागतो, रायफलींवर तो 11 टक्के आहे. तो पैसा राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी मिळतो. थोडक्यात, तिथल्या हरणाच्या चाऱ्यापाण्याचा बराचसा खर्च शिकारीच उचलतो.

गंमत म्हणजे भाऊ ज्याच्या मागे फिरतो तो प्रॉन्गहॉर्न शास्त्राच्या दृष्टीनं आपल्या काळविटाच्या कुळातला नाहीच. त्याचं कूळ वेगळं, आणि त्या कुळात आज तो एकटाच उरलाय. आपल्या भाषेनंही इथे थोडा घोळ घातलाय. चितळ असो, सांबर असो, काळवीट असो, आपण सगळ्यांनाच हरीण म्हणून मोकळे होतो. पण चितळ-सांबराची फाटे फुटलेली शिंगं गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. काळविटाची पीळदार, फाटे नसलेली शिंगं जन्मभर राहतात. चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय, म्हणजे रोही, हे त्याचे भाऊबंद. काळ्या पाठीचा नर आणि तांबूस माद्या एकदा पाहिल्या की पुन्हा चूक होत नाही. आणि याच काळविटाला 1932 मध्ये टेक्सासात नेऊन सोडलं गेलं. आज तिथल्या खासगी रँचवर पैसे मोजून त्याची शिकार करता येते. इथे तुरुंग, तिथे दरपत्रक!

आमच्या एरंडोलला हरणाची गोष्ट तशी परकी नाही. गाव स्वतःला महाभारतातली एकचक्रानगरी म्हणवतं, गावात पांडववाडा आहे, आणि भीमानं बकासुराला मारलं ते पद्मालयाच्या रानात असं सांगतात. ज्या पांडवांच्या नावानं वाडा आहे, त्यांच्या बापाला शाप मिळाला तो हरणाच्या शिकारीतूनच. रतिमग्न जोडीवर पंडूनं बाण सोडला आणि तो मृग म्हणजे किंदम ऋषी निघाला. वाडा दाखवणारे ही बाजू सहसा सांगत नाहीत.

इतिहासात यायचं तर 1825 मध्ये जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्यानं शेजारच्या धरणगावात भिल्ल पलटण उभी केली. सरकारवर चिडलेले भिल्ल त्याच्याजवळ आले ते बऱ्याच अंशी तो त्यांच्याबरोबर शिकारीला जाई म्हणून. चाळीसगावहून कन्नडला चढताना लागणारा औट्रम घाट आणि तिथलं गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, दोन्हींत त्याचंच नाव आहे. एका पट्टीच्या शिकाऱ्याचं नाव अभयारण्याला! साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या या शिकारीला लवाजमा लागे. कोल्हापूर दरबारानं तर काळविटांवर सोडायला चित्ते पाळले होते. दुसऱ्या टोकाला फासेपारधी. पाळीव बैलाच्या आडून सरकत जायचं आणि हरणाच्या वाटेवर फास मांडायचे. साहेबाच्या शिकारीला खेळ म्हटलं गेलं आणि पारध्याच्या पोटाला गुन्हा. 1871 च्या कायद्यानं सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला गेला, पण पोलीस पाटलाच्या नजरेतून तो पुसला गेला असं कोण म्हणेल? बायकापोरं, मित्रमंडळी घेऊन चार दिवस हौसेनं शिकारीला जाणारा मध्यमवर्ग मात्र आपल्याकडे फारसा नव्हताच.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हाही काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने होते. ती वाट 1991 च्या दुरुस्तीनं बंद झाली. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून तीन ते सात वर्षांची कैद. कायद्यातली शिकारीची व्याख्याही ऐकून ठेवावी. नुसतं मारणं नव्हे, तर मारण्या-पकडण्यासाठी फास लावणं, आमिष दाखवणं, हुसकावणं, इतकंच काय, तसा प्रयत्न करणंही तिच्यात येतं. रात्री जीपवर सर्चलाइट लावून 'नुसते फिरायला' निघणाऱ्या हौशी मंडळींनी ती व्याख्या एकदा वाचावी.

एक फट उरते ती 11 व्या कलमाची. पीक उद्ध्वस्त करणाऱ्या रोही किंवा रानडुकराला मारण्याची परवानगी वनाधिकारी देऊ शकतात. पण मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता. मांस घरी नेता येत नाही. हा बंदोबस्त झाला, सहल नव्हे. बिहारमध्ये 2016 साली हैदराबादहून नेमबाज आणून मोकामा भागात दोनशेवर नीलगायी मारल्या, तेव्हा केंद्रातल्या दोन मंत्र्यांतच उघड वाद पेटला होता.

आणि हिशोब खरा अडतो तो इथेच. काळविटाला दाट जंगल नको, उघडं माळरान हवं. आपल्याकडे असा माळ म्हणजे गावचं गायरान, नाहीतर पडीक. त्यातलं काही नांगराखाली गेलं, काही प्लॉटांखाली. जनावराची पावलं मग कपाशीकडे वळतात. जून-जुलैत कोंब वर आले की तालुक्यातल्या कुठल्याही पारावर एकच तक्रार ऐका: "रातले येतस, कोंब खाई जातस." दुबार पेरणी, बांधाभोवती जुन्या साड्या, झटका मशीन, रात्रभर जागल. भरपाई आहे, पण तिच्यासाठी अर्ज, पंचनामा आणि हेलपाटे आहेत. तिकडे हरणाचा खर्च टॅगवाला देतो, इकडे कपाशीवाला, आणि त्याला कुणी विचारलेलंही नसतं. शिकारबंदी मला पटते. तिचं बिल एकाच माणसाच्या नावावर फाडलं जातं, ते पटत नाही.

भाऊ हिवाळ्यात आला तेव्हा आम्ही सहल काढलीच. दोन गाड्या, मेहुणे, पोरं, भरीत-भाकरीचा डबा आणि बंदुकीऐवजी दुर्बीण. त्याची शिस्त मात्र कामी आली. वारा आपल्याकडून कळपाकडे जाऊ द्यायचा नाही, गाडीचं दार आपटायचं नाही, उजाडण्याआधी जागेवर बसायचं. वनखात्याच्या हद्दीत शिरायचंच नव्हतं. एका ओळखीच्या काकांच्या बांधावर बसायची त्यांची परवानगी होती.

धुकं उठलं आणि हरभऱ्यात अकरा माद्या आणि एक काळा नर दिसला. मान वाकवून सगळे शांतपणे चरत होते. पोरांचा श्वास थांबला. भावानं सवयीनं अंतर मोजलं, "दीडशे यार्ड," आणि स्वतःशीच हसला. पंधरा-वीस मिनिटं अशीच गेली.

काका मागे गोफण हातात घेऊन उभे होते. हरभरा त्यांचाच होता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. शेवटी वाकून, पाहुण्यांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात त्यांनी विचारलं, "फोटू काढी लिधात का? मंग हाकलू?"