अंतर्भूत इंटरप्रिटरमधील अपवाद-हाताळणी : बोईसर-तारापूरच्या औद्योगिक संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर परिसरात औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखाने आणि १९६९ पासून वीजनिर्मिती करणारे अणुऊर्जा केंद्र आहे. अशा उद्योगांत नियंत्रण-प्रणालीतील चूक संगणकाच्या पडद्यापुरती मर्यादित राहत नाही. त्या दृष्टीने, मुख्य प्रोग्रॅममध्ये अंतर्भूत केलेल्या इंटरप्रिटरकडून स्क्रिप्ट चालविताना उद्भवणारे अपवाद कसे हाताळावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्वरूप

मुख्य प्रोग्रॅम सी किंवा सी++ भाषेत लिहून वारंवार बदलणारे नियम स्क्रिप्टमध्ये ठेवण्याची पद्धत रूढ आहे. उदाहरणार्थ, पात्रातील तापमान किती झाल्यावर शीतजलाची झडप उघडावी, हा नियम उत्पादनागणिक बदलतो. स्क्रिप्टमुळे मुख्य प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागत नाही. याच उपयोगासाठी प्रसिद्ध असलेली लुआ ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ येथील कॅथलिक विद्यापीठात निर्माण झाली.

दोषांचे प्रकार

स्क्रिप्टमधील दोष तीन प्रकारचे असतात. व्याकरणदोष स्क्रिप्ट लोड होतानाच कळतो. संवेदकाकडून मूल्यच न आल्यास प्रत्यक्ष चालताना अपवाद उद्भवतो. तिसऱ्या प्रकारात अपवाद उद्भवतच नाही. न संपणारे आवर्तन हे त्याचे उदाहरण होय. तसेच शून्याने भागल्यास पायथन अपवाद देते. लुआमधील साधा भागाकार मात्र मुकाट्याने अनंत हे मूल्य परत करतो.

हाताळणी

लुआमध्ये स्क्रिप्ट संरक्षित आवाहनाद्वारे चालवावी लागते. तसे न केल्यास एका अपवादाने मुख्य प्रोग्रॅमच बंद पडतो. पायथनमध्ये परत आलेले मूल्य रिक्त आहे काय, हे प्रत्येक वेळी तपासून नोंदलेला अपवाद पुसावा लागतो. अन्यथा तो पुढील आवाहनात दिशाभूल करतो. अपवादाने दोन भाषांची सीमा ओलांडू नये, हाही नियम महत्त्वाचा आहे. सी म्हणून कंपाइल केलेली लुआ अपवादसमयी थेट उडी घेते. त्यामुळे मधल्या सी++ भागातील आवराआवर होत नाही आणि उघडलेली फाइल किंवा पोर्ट तसेच राहते. न संपणाऱ्या आवर्तनासाठी सूचनांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागते.

अपवाद पकडल्यानंतर

खरा प्रश्न येथेच सुरू होतो. अपवाद पकडून केवळ नोंदवहीत टिपला, तर झडप पूर्वीच्याच स्थितीत राहते आणि तापमान वाढत जाते. म्हणून अपयशाच्या वेळी लागू होणारी सुरक्षित स्थिती मुख्य प्रोग्रॅममध्ये आधीच ठरलेली असावी, चालकाला ओळ-क्रमांकासह इशारा मिळावा आणि वारंवार चुकणारी स्क्रिप्ट बंद व्हावी. अखेरचे संरक्षण तर इंटरप्रिटरच्या बाहेरच हवे. तारापूरच्या ५४० मेगावॉट क्षमतेच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांत कॅडमियमचे दांडे आणि मंदायकात सोडले जाणारे द्रवरूप न्यूट्रॉन-शोषक अशा दोन स्वतंत्र बंद-प्रणाली आहेत. एक निकामी झाली तरी दुसरी तिच्यावर अवलंबून नसते. तेच तत्त्व येथेही लागू पडते.

निष्कर्ष

अपवाद पकडल्याने प्रोग्रॅम वाचतो. प्रक्रिया वाचतेच असे नाही. विद्यार्थ्यांना हा विषय शिकविताना अपवाद कसा पकडावा याइतकेच, पकडल्यावर काय करावे यालाही स्थान मिळणे आवश्यक आहे.