थंड मालाची फेरी आणि डिझेलचा हिशेब

कापडाची गाठ मूर्तिजापूरला दोन दिवस पडून राहिली तरी बिघडत नाही. आइस्क्रीमचे तसे नाही. त्याला उणे 18 अंश लागतात, तर बहुतेक लसींना 2 ते 8. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो. फ्रीजरच्या गाडीचे दार उघडले की गरम वारा आत शिरतो आणि त्याला थंड करायला डिझेल जळते.

अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला आणि त्याच रस्त्याने रिकामे परत. दुसऱ्या दिवशी परतवाडा, अंजनगाव, अकोटची वेगळी फेरी. नकाशा पाहा, हे सारे एकाच वर्तुळात बसते. हायवेही आता चांगला आहे. 2022 साली लोणी ते माना पट्ट्यात 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झाले. समजा, वर्तुळात फिरून 40 किलोमीटर वाचले आणि गाडी लिटरला 10 चालते, तर 4 लिटर डिझेल वाचले. लिटरमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तोही टळला.

पहाटे निघून आधी अकोला गाठावे. पहिल्या थांब्याचा माल दाराशी ठेवावा, म्हणजे दार उघडे ठेवून शोधाशोध नको. गाडी रिकामी झाली की फ्रीजर बंद करावा; हे सांगावे लागते, याचेच नवल!

खरी अडचण दुकानदारांची आहे. पहाटेची गाडी आली तरी शटर दहा-अकराला उघडते. आदल्या रात्री फोन करून वेळ ठरवावी. जो लवकर उघडेल त्याला पेटीमागे दोन रुपये सूट द्यायलाही हरकत नाही.